दोघेही फुटले तर

माझ्या प्रोग्रॅमने जुगाऱ्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा मी बेंगळुरूला, व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बिसीबेळे भात खात होते, आणि तो जुगारी माझ्या समोरच बसला होता.

जुगारी म्हटलेलं त्याला आवडत नाही. तो नागपूरचा, माझ्याच टीममधला. तो प्रोग्रॅम लिहितो आणि मी त्यातल्या चुका शोधते. कंपनी आम्हाला दोघांनाही पगार देते, आणि आमची मैत्री याच भांडणावर उभी आहे. मागे टीमची गोव्याची सहल झाली. संध्याकाळी सगळे नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजावर गेले, मी काठावर थांबले. तत्त्व म्हणून थांबले आणि तसं सांगूनही टाकलं, त्यामुळे पुढे बरेच दिवस मला कॉम्रेड म्हणत होते. हा मात्र ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसला, जिंकून उतरला आणि तिथून बिघडला. महिन्याआड शुक्रवारी रात्रीची गोव्याची बस पकडायला लागला. जिंकला की ऑफिसात पेढे, हरला की नुसताच उशिरा येई.

मग एक दिवस म्हणाला की नोकरी सोडतोय. राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, महिनाअखेरीला पाठवणार, आणि वर्षभर गोव्याला राहून नीट अभ्यास करून खेळणार. नागपूरला घरी अजून सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या कंपन्या माणसं काढत होत्या, आमच्याच मजल्यावरच्या रिकाम्या खुर्च्या अजून कोणी उचलल्या नव्हत्या, आणि हा पठ्ठ्या आपणहून उठून जाणार होता.

मी त्याला भाषण दिलं. ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्याकडे आकडा आहे का बे एक तरी? की नुसतं पत्रकच वाचणार?"

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. म्हणून आमचा करार झाला. मी प्रोग्रॅम लिहायचा. सगळी पानं, सगळ्या शक्यता, प्रत्येक वेळी पान घ्यावं की थांबावं यातला जास्त फायद्याचा मार्ग. एकही चूक न करता खेळलं तर शेवटी कोण पुढे राहतं ते तो प्रोग्रॅम सांगेल, आणि जे सांगेल ते दोघांनी मानायचं.

"दोघांनी?" त्याने विचारलं. "म्हणजे जिंकतो म्हणाला तर तू पण मानशील?"

"मानेन."

"अन् भाषण?"

"नाही देणार."

हे वचन मी बेफिकिरीने दिलं नव्हतं. मी पत्रकांवर वाढले आहे. आमच्या यंत्रमागाच्या गावात मटका घराघरात होता, आणि माझे बाबा त्याच्याविरुद्ध पत्रकं काढायचे. गुलाबी, पिवळ्या, स्वस्तातल्या कागदावर. शाळेतून आलं की मी त्यांच्या घड्या घालायची, आणि पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या दारात उभी राहून वाटायची. अक्षरओळख मला पाठ्यपुस्तकाने कमी आणि "बंधूंनो आणि भगिनींनो"ने जास्त करून दिली. बाबांचा नियम एकच होता: पत्रकात एक वाक्य खोटं गेलं, तर बाकीची खरी वाक्यं चहाचे ग्लास ठेवायला वापरतात. त्यामुळे प्रोग्रॅम प्रामाणिक लिहायचा, आणि त्याने काहीही सांगितलं तरी ते लपवायचं नाही, हे मला कोणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. उत्तर काय येणार याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नव्हती. कॅसिनो काही धर्मशाळा नाही.

खेळ सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकी चांगली. एकवीसच्या पुढे गेलात की फुटलात. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. समोर पत्ते वाटणारा, म्हणजे कॅसिनोचा माणूस. त्याचं एक पान उघडं असतं. तुम्ही हवी तेवढी पानं मागता आणि थांबता; मग तो स्वतःची पानं काढतो. त्याला डोकं चालवायची मुभा नसते: सतरापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचंच. हा खेळ 'एकवीस' नावाने आम्ही लहानपणी घरी खेळायचोच, जुगाराशिवाय, भुईमुगाच्या शेंगांवर. तेव्हा नियम मला नव्याने शिकावेच लागले नाहीत. पैज दुप्पट करणं वगैरे दोनचार गोष्टी तेवढ्या इंटरनेटवर वाचल्या.

शनिवार-रविवार बसून प्रोग्रॅम लिहिला. फंक्शनांना मराठी नावं दिली. पानं काढणारं ते 'वाटप', वाटणाऱ्याचा खेळ चालवणारं 'सावकार', शेवटी कोण जिंकलं ते ठरवणारं 'निवाडा'. सोमवारी कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून त्याच्यासमोरच चालवला, म्हणजे मागून काही फिरवलं असं म्हणायला जागा नको.

प्रोग्रॅम म्हणाला, नीट खेळलं तर खेळणारा जिंकतो. नशिबाने नाही, कधीमधी नाही. सरासरीने, कायमचा.

तो ओरडला नाही. फक्त माझ्या ताटातला पापड उचलला, मोडला, अर्धा मला दिला आणि म्हणाला, "मान."

मी मानलं. म्हणजे तोंडाने म्हटलं, "निकाल असा आहे."

संध्याकाळी मेट्रोने के. आर. पुरमला, माझ्या खोलीवर जाताना बाबांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं, करारही. ते म्हणाले, "असं आलंय, तर असं छाप."

"बाबा, मटक्यावर आयुष्य घालवलंत तुम्ही."

"म्हणूनच सांगतोय. नको असलेलं छापता आलं पाहिजे."

फोन ठेवला आणि मला एकदम बरं वाटलं. आता मोकळेपणाने चूक शोधता येत होती. निकाल खरा असेल तर खरा, पण तपासल्याशिवाय मी कोणाचाच प्रोग्रॅम पास करत नाही, मग स्वतःचा का करू? महिनाअखेर अजून लांब होती.

मी क्रमाने गेले. पहिला संशय एक्क्यावर, कारण एकाच पानाला दोन किमती म्हटलं की चूक तिथेच घर करते. एक्का बरोबर निघाला. मग दहा: दहाच्या किमतीची पानं चार प्रकारची असतात, ती एकाच प्रकारची धरली तर सगळं बिनसतं. तेही बरोबर. सगळ्या शक्यतांची बेरीज पूर्ण एक येत होती. 'सावकार' सतराला इमानाने थांबत होता. 'निवाडा' चार ओळींचा होता. त्यात चुकायला जागाच नव्हती, म्हणून वरून नजर टाकली आणि पुढे गेले.

मग मी माझ्या प्रोग्रॅमचा तक्ता नेटवर मिळणाऱ्या तक्त्यांशी ताडून पाहिला. कुठल्या पानांवर काय करावं याचे हे तक्ते जगभर एकसारखेच असतात. माझा बऱ्याच ठिकाणी जुळला, आणि एका जागी अजिबात जुळेना. खेळणाऱ्याकडे तेरा आहेत, वाटणाऱ्याचं उघडं पान सहा आहे. सगळे तक्ते म्हणतात, थांबा. माझा प्रोग्रॅम म्हणतो, घ्या अजून एक. अशा जवळपासच्या सगळ्या अवघड बेरजांवर तो तसाच धीट होता. जणू फुटायची त्याला भीतीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे त्याला दाखवलं. म्हटलं, माझं काहीतरी चुकलंय.

तो हसला. "हे तक्ते कुठे मिळतात माहीत आहे का? कॅसिनोतच. टेबलावर ठेवून खेळू देतात. ज्याच्या खिशातून जाणार तोच तुला जिंकायचा रस्ता छापून देईल का? सांग ना, पत्रकवाली."

हा युक्तिवाद माझा होता. छापणारा कोण ते आधी बघा, हे मीच त्याला प्रत्येक जेवणाच्या सुट्टीत सांगत आले होते. वर त्याने शेवटचा घाव घातला.

"एक सांग. खेळणारा हरतो असं आलं असतं, तर शोधली असतीस ही चूक?"

"नसती," मी म्हटलं.

तो थोडा वरमला, त्याला वाटलं नव्हतं मी कबूल करेन. पण खरं ते खरं. हवं ते उत्तर आलं असतं तर मी लॅपटॉप मिटला असता आणि विजयी चेहऱ्याने पायसम घेतलं असतं. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. माणूस नको त्या उत्तरालाच जास्त प्रश्न विचारतो. फक्त मग हव्या उत्तरालाही तेवढेच विचारायची सोय करून ठेवावी. ती मी पुढे केली, ते येईलच.

पडद्यावर चूक सापडत नसेल तर मी ती हाताने करून बघते. बटण दाबून नाही, कागद-पेन घेऊन, माणसं बसवून. म्हणून त्याला म्हटलं, रविवारी माझ्याकडे ये आणि कॅसिनोत पत्ते वाटतात तसे वाट. मी प्रोग्रॅम सांगेल तसं खेळते.

मी राहते ते घर एका जुन्या बेंगळुरूकर मराठी कुटुंबाचं आहे. वर माझी खोली, खाली घरमालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांच्या घरात मराठी अशी बोलतात की पुण्याहून आलेल्यांना त्यातलं अर्धं कानडी वाटतं. आम्ही त्यांच्या व्हरांड्यात सतरंजी पसरली तेव्हा त्या पापड वाळत घालून येत होत्या. पत्ते बघून तिथेच बसल्या. त्याने समजावलं की हा खेळ नाही, तपासणी आहे.

"सरी, तपासा," अक्का म्हणाल्या, "पण मला पण पानं द्या."

पैजेला त्यांनीच चौकाभाराच्या, म्हणजे त्यांच्या पटाच्या खेळाच्या, डब्यातले चिंचोके आणले. तो वाटायला बसला आणि वेगळाच माणूस झाला. पाठ ताठ, चेहरा कोरा, पत्ते हातातून घसरत यायचे. जहाजावरच्या माणसाची नक्कल तो इतकी हुबेहूब करत होता की अक्कांनी त्याला दोनदा विचारलं, आधी तिथे नोकरी होती का म्हणून. मी मांडीवर लॅपटॉप ठेवून, तक्ता बघून खेळत होते. बराच वेळ काहीच घडलं नाही. अक्का जिंकत होत्या, मी हरत होते, पण चार डावांवरून सरासरी कळत नाही.

मग ती जागा आली. त्याचं पान छक्की. माझ्याकडे दश्शी आणि तिर्री, तेरा. अक्का चहा बघायला म्हणून पानं टाकून आत गेल्या, आणि त्याने त्यांचा डाव सोडून दिला. राहिलो आम्ही दोघं. प्रोग्रॅम म्हणाला, घे. मी पान मागितलं. राजा आला. तेवीस.

त्याने माझी पानं ओढली, चिंचोके ओढले आणि नव्या डावासाठी पत्ते पिसायला घेतले.

अक्का कप घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अय्यो, तुझी पानं काढलीच नाहीस की अण्णा."

"कशाला काढू अक्का? ती फुटली."

"तूही फुटला असतास तर?"

"मी फुटेन नाहीतर नाही," तो म्हणाला, "ती आधी फुटली ना."

मी विचारलं, "तिथे असंच करतात?"

"मग कसं करणार?"

"दोघेही फुटले तर डाव रद्द नाही होत?"

तो म्हणाला, "रद्द कुठे होतो असा डाव? मी फुटलो की चिप्स गेल्या. त्याने मग काय काढलं ते मी बघत पण नाही."

मी 'निवाडा' उघडला. पहिलीच ओळ: दोघांची बेरीज एकवीसच्या वर, बरोबरी. ती ओळ मी स्वतः, विचार न करता, श्वास घ्यावा तशी लिहिली होती. आमच्या घरी तसंच होतं. दोघे फुटले की पानं परत गड्डीत, शेंगा ज्याच्या त्याला. मी जहाजावर पाय ठेवला नव्हता, म्हणून खरं टेबल कसं चालतं ते मला माहीत नव्हतं. त्याने माझा प्रोग्रॅम वाचला नव्हता, कारण मी लबाडी करणार नाही याची त्याला खात्री होती. दोघांकडे अर्धं अर्धं होतं, आणि मधे सतरंजीवर चिंचोके.

एक ओळ बदलली. खेळणारा फुटला, खेळणारा हरला. पुढचं विचारायचंच नाही. व्हरांड्यातच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेरावर छक्कीसमोर तो आता म्हणाला, थांबा. बाकीचा तक्ताही जगाशी जुळला. आणि निकाल उलटला: एकही चूक न करता खेळा, तरी सावकाश, सभ्यपणे, हसतमुखाने तुम्ही हरता.

सगळा फायदा तेवढ्याच जागेत होता, हे मला त्या दुपारी कळलं आणि अजून अंगात आहे. कॅसिनोला पत्त्यांत लबाडी करावी लागत नाही. वाटणाऱ्याला डोकंसुद्धा लागत नाही. तो तुमच्याइतक्याच वेळा फुटू शकतो. फक्त पहिल्यांदा तुम्ही फुटायचं, एवढीच अट. नियम दोघांना सारखेच, क्रम फक्त त्याच्या सोयीचा. यानंतर मला हे जागोजागी दिसायला लागलं. मुलाखतीला गेलात की विचारतात, तुमची अपेक्षा किती? आधी तुम्ही बोला. कंपनी स्वतःचा आकडा तेव्हा काढते जेव्हा तुमचा उघडा पडलेला असतो. मंदी आली की आधी आपण फुटायचं; साहेब नंतर फुटला का, ते बघायला आपण त्या इमारतीत नसतो. माझ्या पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मला तिथेच, चहाचा कप हातात असताना सुचलं: पान आधी कोणाला घ्यायला लावतात ते बघा.

पण त्या क्षणी समोर पत्रक नव्हतं, माणूस होता. तो पत्ते पिसत नव्हता आता. नुसते हातात धरून बसला होता.

"आलं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला.

"म्हणून आता मी थांबणार नाही," मी म्हटलं. "घे. प्रोग्रॅम तुझा. तुला नको ते उत्तर आलंय. आता तू चुका शोध."

त्याने लॅपटॉप घेतला आणि तसाच मेट्रोने निघून गेला. अक्कांनी चिंचोके मोजून डब्यात भरले आणि विचारलं, तुमची तपासणी पास की नापास. मी म्हटलं, स्वल्प थांबा.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. घरातला नियम जगापेक्षा वेगळा निघाला हे ऐकून ते जोरात हसले.

"वेगळा नाही, तो मी बदललेला आहे," ते म्हणाले. "तू लहान होतीस. शेजारी सगळे वाटणाऱ्यालाच द्यायचे. मी म्हटलं, आपल्या घरात नाही चालणार. दोघेही फुटलेत, मग एकालाच का बक्षीस?"

म्हणजे आमच्या घरात एक सुधारणा झाली होती, ती यशस्वी झाली होती, आणि इतकी यशस्वी की पुढच्या पिढीला ती सुधारणा आहे हेच माहीत नव्हतं. चळवळीतल्या किती लोकांना असं यश बघायला मिळतं? मी बाबांना म्हटलं, तुमच्यामुळे माझा प्रोग्रॅम चुकला. ते म्हणाले, "प्रोग्रॅम बरोबर होता. त्यांचा खेळ चुकीचा आहे." मला हे अजूनही पटतं. मी ती जुनी ओळ खोडलेली नाही. समोर टीप घालून ठेवली आहे, आमच्या घरचा नियम म्हणून.

त्याने लॅपटॉप आठवडाभर ठेवला. त्याच्या इतकं कसून कोणी माझं काम आजवर तपासलेलं नाही. रोज एक प्रश्न यायचा, तोही ऑफिसच्या कामाच्या निरोपांमध्येच, म्हणजे मी टाळू नये. आणि त्याला एक चूक सापडलीच. दोन सारखी पानं आली की त्यांचे दोन वेगळे डाव करता येतात, आणि त्या डावांवरही पैज दुप्पट करता येते. ते मी धरलंच नव्हतं. त्याने ते घातलं. निकाल केसभर त्याच्या बाजूला सरकला. ती दुरुस्ती मी मान्य केली आणि त्याचं नाव तिच्यापुढे लिहिलं. कॅसिनो तरीही पुढेच राहिला.

महिना संपायच्या आधीच्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. त्या रात्रीच्या बसमध्ये त्याची जागा होती, हे मला माहीत होतं. मी काही विचारलं नाही. भाषण न द्यायचं वचन मी निकाल त्याच्या बाजूने लागला तर म्हणून दिलं होतं, पण आता उलट लागल्यावर ते आणखी पाळावंसं वाटत होतं.

"काढून टाकला ड्राफ्ट," तो पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "तिकीट पण रद्द."

मी मान हलवली.

"इतक्यांदा बसलो त्या टेबलावर," तो म्हणाला. "फुटलो की मी माझ्याच पानांकडे बघत बसायचो. त्याच्याकडे कधी बघितलंच नाही." मग विचारलं, "समजा, चूक नसती सापडली, तर?"

"तर तुला बसपर्यंत सोडायला आले असते."

"खरंच?"

"खरंच. बसमधल्या बाकीच्यांना पत्रकं वाटायला."

तो हसला, आणि माझ्या ताटातला पापड पुन्हा उचलला. या वेळी अर्धा परत दिला नाही. म्हणाला, रविवारी येतो, अक्कांकडून त्याचे चिंचोके परत जिंकायचे आहेत. मी विचारलं, कोणाच्या नियमाने.

"तुझ्या बाबांच्या," तो म्हणाला. "पण वाटणार मी."